मदत हवी आहे: बातमीवर नावच नाही, तर पोर्टफोलिओत दाखवू काय?

नमस्कार मंडळी, मी अमळनेरची, जळगावला आपल्या बहिणाबाईंच्या नावाच्या विद्यापीठात मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुण्यातल्या एका पीआर (म्हणजे जनसंपर्क) एजन्सीत इंटर्नशिपसाठी जागा आहे असं सीनियरकडून कळलं, पण त्यांना बायोडेटासोबत स्वतः लिहिलेले पाच नमुने हवेत आणि स्टायपेंड काही नाही.

आता अडचण अशी की मी शिकता शिकता एका पेपरला बातम्या देते, कपाशीचे भाव, पाडळसरे धरणाचं रखडलेलं काम, सखाराम महाराजांची यात्रा, सगळं छापून येतं पण वर फक्त 'अमळनेर, प्रतिनिधी'. म्हणजे उद्या कोणी विचारलं की हे तूच लिहिलंस कशावरून तर माझ्याकडे काय आहे? मानधनाचं तर विचारूच नका, दिवाळीला आणि नेत्यांच्या वाढदिवसाला जाहिराती आणायच्या, त्यावर जे कमिशन सुटेल ते आपलं.

खरं काम मी जे करते ते प्रेसनोटांचं. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज ढिगाने येतात, पहिल्या दोन पॅऱ्यात व्यासपीठावर कोण कोण होतं त्यांची नावं, प्रमुख उपस्थिती, आभार कोणी मानले, आणि कार्यक्रम नेमका कशाचा होता ते शेवटच्या ओळीत. त्यात कोणी श्रीलिपीतून, म्हणजे जुन्या मराठी फॉन्टातून, युनिकोड करून पाठवलं असेल तर रफार उडालेले असतात, 'कायक्रम', 'मागदशन' असं काहीतरी, ते हाताने बसवायचं मग नोट उलटी करून बातमी वर आणायची. पण हे नमुना म्हणून चालतं का? फेब्रुवारी २०२४ ला अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा कॉलेजच्या पेजसाठी रोजचे रिपोर्ट लिहिले होते, तेवढे माझ्या नावाने आहेत.

पप्पा म्हणताय पुण्याला फुकट राबायला आणि वरून खोलीचं भाडं, मेसचे पैसे आपणच द्यायचे, हे कुठलं शिक्षण. त्यांचंही चूक नाही. कोणी या लाईनीत आहे का, सांगा ना प्लीज.

तापीकाठचा
मनं गाव बी तठेच शे ताई 🙂 मी पुण्यात पीआरमधेच आहे. प्रेसनोटचं जे लिहिलंय ना तोच तुझा सगळ्यात भारी नमुना. आलेली नोट डावीकडे, तू केलेली बातमी उजवीकडे, छापून आलेलं कात्रण खाली, त्यावर तारीख आणि पान नंबर. लोकांचे मोबाईल नंबर मात्र झाकून टाक. आमच्याकडे रायटिंग टेस्टला हेच तर बघतात, गाळायचं काय ते कळतं का. ऑफिसच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र माग की या या काळात बातमीदारी केली, एवढं कोणी नाही म्हणत नाही. यात्रेवरचं तेच मटेरियल पेपरसाठी प्रेसनोट, इन्स्टासाठी कॅप्शन आणि रेडिओसाठी अर्ध्या मिनिटाचं असं तिन्ही प्रकारे लिही, पाचाची भरती होते. जायचं ठरलं तर आधी मेलवर विचारून घे किती महिने, काम कोणाच्या हाताखाली, सर्टिफिकेट मिळेल का. नुसतं एक्सेलमधे कात्रणं भरायला बसवणार असतील तर येऊ नको.

भुसावळ जंक्शन
माझं मत वेगळं. पगार नसेल तर पुणं कशाला? जळगाव आकाशवाणीला नैमित्तिक उद्घोषकांसाठी जाहिरात निघते तेव्हा स्वरचाचणी दे. पुढे शिकायचं असेल तर आयआयएमसीच्या (भारतीय जनसंचार संस्था) अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा पीजी डिप्लोमा आहे, पुण्यात पत्रकारितेसाठी रानडे इन्स्टिट्यूट आहेच. आणि सरकारी माहिती खात्यातल्या अधिकाऱ्यांच्या जागा एमपीएससीतून भरतात, तिथे पत्रकारितेचं शिक्षण लागतं, काही पदांना अनुभवही, म्हणून ते लेटरहेडवालं पत्र तर घेऊनच ठेव.

तापीकाठचा
@भुसावळ, आकाशवाणीचं पटलं, पण तिथे रोज ड्युटी नसते भो, नुसतं त्यावर घर चालणार नाही. पप्पांना हे पण सांगावं लागेल.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार. प्रेसनोटचं डावं उजवं आज रात्रीच करते, जुन्या नोटा फोनमधे आहेत अजून. एजन्सीला मेल टाकते, पैसे नाही तर निदान काही दिवस घरून काम चालेल का ते पण विचारते. एकच राहिलं, रेडिओवालं लिहून पाठवायचं की माझ्याच आवाजात रेकॉर्ड करून? माझ्या बोलण्यात अहिराणीचा हेल येतो, एजन्सीवाल्यांना चालेल का तो?