रेड वाइन तुरट का लागते?

प्रश्न: नाशिकच्या एका वायनरीत शनाँ ब्लाँ ही व्हाइट वाइन आवडली, पण शिराझ या रेड वाइनने हिरड्या आक्रसल्यासारख्या झाल्या. हा वाइनचा दोष की माझ्या जिभेला सवय नाही? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: दोष मुळीच नाही. रेड वाइन आंबवताना द्राक्षाच्या साली व बिया रसातच ठेवतात, त्यामुळे रंगाबरोबर टॅनिन हे तुरट द्रव्यही उतरते आणि ते लाळेतील प्रथिनांना चिकटून तोंड कोरडे करते. व्हाइट वाइनसाठी मात्र रस आधीच वेगळा काढतात. शिराझ एकदा कबाब किंवा चीजबरोबर घेऊन पाहा, तुरटपणा बराच निवळतो. झणझणीत रश्शाबरोबर मात्र नको, तिखट आणि मद्य एकमेकांना भडकवतात.

प्रतिसाद २: तापमानही पाहावे. रेड वाइन साधारण १६ ते १८ अंशांना खुलते, आपल्या उन्हाळ्यातील ३५ अंशांना नव्हे. म्हणून बाटली आधी काही वेळ फ्रिजमध्ये ठेवावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. द्राक्षतोडणी पाहायची असेल, तर कधी जावे?

प्रतिसाद १: फेब्रुवारीत. युरोपात तोडणी शरद ऋतूत होते, आपल्याकडे पावसाळ्यानंतर छाटणी करून थंडीत घड पिकवतात. वेलीवरचे शिराझ जातीचे द्राक्ष खाऊन पाहा आणि साल सावकाश चावा. तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच जिभेवर येईल.