'पाठलाग' या शब्दात काय काय मावतं?

प्रश्न :
माझ्या मामेबहिणीच्या मागं एक पोरगं चार महिने लागलंय. राजारामपुरीत क्लास सुटला की गाडी काढून मागोमाग येतंय, रात्री नवनव्या खात्यांवरून मेसेज. पोलिसांत जायचं ठरलं, पण अर्ज लिहिताना शब्दापाशीच अडलोय. 'छेडछाड', 'त्रास' की 'पाठलाग'?

उत्तर १ :
'छेडछाड' नको. भारतीय न्याय संहितेत त्या नावाचं कलम नाही, आणि शब्द ऐकला की चेष्टेचाच वास येतो. 'पाठलाग' लिहा, पण तेवढ्यावर थांबू नका. पोलीस चोराचाही पाठलागच करतात. पाठलागाचं कलम ७८ (१ जुलै २०२४ आधी भारतीय दंड संहितेतलं ३५४-ड, जे २०१३ ला आलं) पायांपेक्षा दोन गोष्टींवर उभं आहे: 'वारंवार' आणि मुलीनं स्पष्ट दाखवलेला 'डिसइंटरेस्ट'. याला काहीजण 'अनास्था' लिहितात. साफ चुकीचं! अनास्था म्हणजे बेपर्वाई. इथं मुलगी नको म्हणतेय, म्हणून 'नकार'. मेसेज हा 'संपर्काचा प्रयत्न' झाला. ती नेटवर काय करते यावर डोळा ठेवला तर ती 'पाळत', तीही याच कलमात येते.

उत्तर २ :
माझी आजी अशा वेळी 'ससेमिरा' म्हणायची. गोष्टीतला राजपुत्र आसरा देणाऱ्या अस्वलाला दगा देतो आणि शापानं वेडा होऊन 'ससेमिरा, ससेमिरा' करत फिरतो. म्हणजे मुळात ते वेड दगा देणाऱ्याचं. आज आपण तो शब्द सोसणाऱ्याच्या मागं लावतो, याचं मला फार वाईट वाटतं. अर्जात मात्र नको, तिथं तारखाच लागतात.

प्रश्नकर्ता :
ठाण्यात सांगितलं, 'पहिलीच वेळ आहे, जामीन होईल, समज देतो.' मग दुसरी तक्रार केली की जामीन मिळत नाही का?

उत्तर १ :
इथंच शब्द नीट बघा. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद, गुन्हा जामीनपात्र. पाच वर्षांपर्यंत कैद आणि अजामीनपात्र हे दुसऱ्यांदा 'दोषी ठरल्यावर', दुसऱ्या तक्रारीवर नव्हे. पण जामीनपात्र म्हणजे किरकोळ नव्हे. गुन्हा दखलपात्रच आहे. एफआयआर घ्यावाच लागतो, प्रत फुकट मिळते. नाकारला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी द्या.

प्रश्नकर्ता :
अर्ज पुन्हा लिहायला घेतला. बहीण शेजारी बसून म्हणाली, "मी त्याला नको म्हटलो ती तारीख आधी घाल. मग बाकीचं."