मदत हवी आहे: किडनी ट्रान्सप्लांटनंतर हाडं ठिसूळ होतायत

माझ्या धाकट्या भावाचं ट्रान्सप्लांट होऊन 7 महिने झाले. किडनी छान चाललीय, क्रिएटिनिन 1.3. पण गेल्या आठवड्यात मोजे घालायला वाकला आणि कमरेत अशी कळ आली की भिंतीला धरून तसाच उभा राहिला. डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) मणक्याचा टी-स्कोर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करणारा आकडा, -2.7 आला. म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच, वय फक्त 41!

प्रेडनिसोलोनमुळे (किडनी रिजेक्ट होऊ नये म्हणून चालू असलेलं स्टिरॉइड) पहिल्या वर्षात हाडांची झीज सगळ्यात जास्त होते, हे डॉक्टरांनी आता सांगितलं. (आधीच डेक्सा केला असता तर? असो.) शिवाय डायलिसिसच्या काळात वाढलेलं पॅराथायरॉइड हार्मोन (हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओढणारं) अजून उतरलेलं नाही आणि रक्तातलं कॅल्शियम किंचित जास्तच आहे. त्यामुळे 'कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करा' हा सगळ्यांचा सल्ला आम्ही सध्या बाजूला ठेवलाय. व्हिटॅमिन डी कमी आहे, ते चालू केलंय.

आता अडलंय हाडांची झीज रोखणाऱ्या औषधावर. आठवड्याला एक अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी, की 6 महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन? दुसरं मध्येच थांबवलं तर हाडांची घनता झपाट्याने उतरते म्हणे, आणि पहिल्याने हाडांची उलाढाल (जुनं हाड झिजून नवं बनणं) आधीच मंदावलेली असेल तर ती आणखी मंदावू शकते. त्यासाठी कुणाची हाडाची बायोप्सी केली होती का?

ज्यांनी यातलं काही घेतलंय, त्यांचा वर्षभरानंतरचा डेक्सा कसा आला? आणि स्टिरॉइडचा डोस कुणाचा कमी झाला का? किडनी रिजेक्ट होईल या भीतीने हा विषय काढायलाच आम्ही कचरतोय. पुढची भेट सोमवारी आहे.