पहिली प्रीती पुन्हा कशी जागवावी? मदत हवी आहे

बायबलमधील प्रकटीकरण या पुस्तकाच्या 2ऱ्या अध्यायात इफिस शहरातील ख्रिस्ती मंडळीचे श्रम, धीर आणि खोट्या प्रेषितांची पारख यांची वाखाणणी करूनही प्रभू येशू तिच्यावर पहिली प्रीती सोडल्याचा ठपका ठेवतो, आणि माझी अवस्था नेमकी तीच झाली आहे. विश्वास डळमळलेला नाही, इतर बाबतींत मन उदासही नाही. उपासना, प्रभुभोजन, संडे स्कूलमध्ये शिकवणे सारे नियमित चालू आहे, परंतु ख्रिस्ताविषयीची ओढ मात्र ओसरली आहे आणि याचे मला फार दुःख होते.

उपवास केला, स्तोत्रे मोठ्याने वाचून प्रार्थना केली. पाळकांशीही बोललो, त्यांनी सुचवल्याप्रमाणे सेवा वाढवली, तेव्हा थकवाच वाढला. नोकरी पाळ्यांची असल्याने शिबिराला जाता येत नाही आणि दिवसाकाठी अर्ध्या तासाहून अधिक निवांत वेळ मिळत नाही.

प्रभू त्या मंडळीला आठवण करण्यास, पश्चात्ताप करण्यास आणि पहिली कृत्ये पुन्हा करण्यास सांगतो. पहिल्या दोन गोष्टी मला उमगतात. पण इफिसकरांची सेवा तर खंडलीच नव्हती, मग ही पहिली कृत्ये कोणती समजावीत? आणि ज्यांची ओसरलेली ओढ परत आली, त्यांनी रोजच्या अशा थोडक्या वेळात प्रत्यक्ष काय केले?