लॅबचं पाणी: हायपो ओतून गटारात, की यूव्हीखालून काढून?

मिरजेचा लॅबवाला:
मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आणि लॅब. बहुतेक ठिकाणी ॲनालायझरचं (रक्त तपासायच्या यंत्राचं) पाणी कॅनमध्ये साठतं, त्यात हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, जंतू मारणारा क्लोरीनचा द्रव) ओतायचा, थोडं थांबायचं, बेसिनमध्ये सोडायचं. जंतू मरतात, मान्य. पण रंग, फॉर्मालिन (नमुने टिकवायचा फॉर्माल्डिहाइडचा द्रव), औषधांचे अंश यांचं काय? उलट क्लोरीनमुळे नवीच क्लोरीनयुक्त संयुगं तयार होतात. चार-पाच लॅबनी मिळून यूव्ही-पेरॉक्साइडचं, म्हणजे अतिनील दिवा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरणारं युनिट घ्यावं. 254 नॅनोमीटरच्या प्रकाशात हायड्रोजन पेरॉक्साइड फुटतो, हायड्रॉक्सिल रॅडिकल (समोर येईल त्या रसायनाला भिडणारे कण) सुटतात आणि ते फॉर्मालिनसुद्धा फोडतात.

कृष्णाकाठ:
दादा, कागदावर झकास! आपल्याच कॅनमध्ये जरा डोकावा. लालसर, गढूळ, वर फेस. प्रकाश आत शिरणार कुठून? दिव्याच्या नळीवर थर बसला की बिल चालू, काम बंद. आणि हे कॅन गावभर फिरवणार कोण?

सांगलीची केमिस्ट्री:
फिरवायचे तर आधी जागेवरच निर्जंतुक करावे लागतील, म्हणजे पुन्हा हायपो. आणि हायपो व पेरॉक्साइड एकमेकांना संपवतात. उरतं मीठ, पाणी, ऑक्सिजन. महागाचा पेरॉक्साइड फुकट. करायचंच तर फॉर्मालिनसारखा रासायनिक द्रव पहिल्यापासून वेगळा जमवा. 2016 चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियमही तेच सांगतात.

वाळव्याचा गडी:
दिवे कशाला? आपल्याकडं ऊन काय कमी आहे?

सांगलीची केमिस्ट्री:
उन्हात यूव्ही जेमतेम 5 टक्के. पेरॉक्साइडमध्ये लोहक्षार घालून प्रकाशात तेच रॅडिकल काढायची पद्धत, फोटो-फेंटन, उन्हात चालते, पण तिला पीएच 3 च्या आसपास लागतो. आधी आम्ल, मग चुना, शेवटी लोखंडाचा गाळ. तो कुठं टाकणार, हेही ठरवा.

कृष्णाकाठ:
बघा! शिवाय सांगलीचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरी नाल्याचं रडगाणं वर्षानुवर्षं चालू आहे. त्यापुढं तुमचे दोन कॅन म्हणजे किस झाड की पत्ती.

मिरजेचा लॅबवाला:
तुलनाच चुकतेय. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू पचवतात. फॉर्मालिन जास्त गेलं तर त्या जिवाणूंनाच मारतं. वेगळा डबा ठेवायचं पटलं, उद्यापासून ठेवतो. गढूळ पाणी आधी गाळून पातळ थरानं दिव्यापुढून नेता येतं. राहता राहिला हायपो. नियमात सोडलेल्या पाण्याची चाचणी आहे: पाणी न मिसळता त्यात 96 तासांनी 90 टक्के मासे जिवंत हवेत. हायपोच्या कॅनमध्ये चार मासे सोडून दाखवा, मग माझ्या दिव्यांच्या बिलावर बोलू.