कटसीन आला की बटण दाबणारे, इकडे या

दर्यापूरला माझं गेमिंगचं छोटं दुकान आहे. तीन कन्सोल, दोन पीसी, एक दमलेला इन्व्हर्टर. पोट्टे तासावर खेळतात. मीटर चालू असतो, त्यामुळे कटसीन, म्हणजे खेळ थांबवून मधेच दाखवतात तो पिक्चर, आला आणि पडद्यावर कोणी दोन वाक्यं बोलायला लागलं की अंगठा आपोआप स्किपच्या बटणावर जातो. मग मिशन सुरू झालं की मागे वळून मलाच विचारतात, "दादा, आता जायचं कुठं?" अरे, तेच तर तो सांगत होता बे!

तर प्रश्न असा: ज्याला कटसीन सहन होत नाहीत, त्याने कथेवर चालणारे गेम घ्यावेत का? माझं मत आधीच टाकतो, म्हणजे भांडायला बरं पडेल. मला वाटतं यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना कथेचा राग नसतो. हातातलं काम काढून घेऊन "बस आता, बघ" म्हटल्याचा राग असतो. तुमचं काय? कोणता गेम, स्किप केलं की नाही, आणि का, ते लिहा. शेवट फोडणार असाल तर आधी सांगा.

पऱ्हाटीवाला

माह्यं कारण साधं हाये भाऊ. लाइन. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेली, तो चार्जरवरच चालते. लंबा कटसीन सुरू झाला अन् गेली लाइन! बहुतेक गेम सेव्ह करते ते कटसीन सरल्यावर. म्हणजे लाइन आल्यावर पुन्हा तोच बॉस (म्हणजे मोठा दुश्मन) मारा, पुन्हा तोच पिक्चर पाहा. एकाच माणसाचं मरण तिसऱ्या डाव पाह्यलं की रडू येत नाही, जांभई येते.

पण रेड डेड रिडेम्प्शन २ मी दुसऱ्याच्या मशीनवर पुरा खेळलो. त्यात कटसीन काही कमी नाहीत, सुरुवातीचा बर्फातला भाग तर लयच सुस्त हाये. पण खरी गोष्ट घोड्यावर होते. टोळीतला एखादा सोबत निघते, वाटेनं दोघं बोलत जाते, अन् लगाम माह्याच हातात राह्यते. १८९९ सालचा अमेरिकेतला दरोडेखोर, पण कर्ज अन् मुकादम पाहून मले तो लय ओळखीचा वाटला. बसून ऐकवलं असतं तर मी अर्थर मॉर्गनचं नावही ध्यानात ठेवलं नसतं.

मेळघाटची पायवाट

मी जंगलाच्या कामात आहे, जास्त सांगत नाही. आमच्याकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून पावसाळा लागेपर्यंत आगीचा मोसम. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, वारा फिरला की ती आग कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आग अडवायला जाळरेषा काढणं, टॉवरवर बसणं, वायरलेसवर बोलणं, हेच आमचं काम. तेव्हा एका मित्राने फायरवॉच (२०१६) दिला, म्हणाला, तुझाच गेम आहे.

सुरुवातीला काळ्या पडद्यावर मजकूर येतो, नायकाच्या संसाराची दुःखद हकीकत. मी म्हटलं, झालं, वाचनालय. पण ते पटकन संपतं आणि मधेमधे निर्णयही आपणच घेतो. मग वायोमिंगचं शोशोनी जंगल, साल १९८९. आदल्याच वर्षी शेजारच्या यलोस्टोनमध्ये मोठ्या आगी लागल्या होत्या, त्यामुळे धूर दिसला की सगळे दचकलेले. नायक हेन्री एका टॉवरवर, त्याची वरिष्ठ डलायला दूरच्या दुसऱ्या टॉवरवर. ती पूर्ण खेळभर फक्त वॉकीटॉकीवर भेटते.

आता खुबी बघा. ती काही विचारते तेव्हा मी खडक उतरत असतो, नकाशा हातात असतो, वाट चुकलेली असते. उत्तराचे दोन-तीन पर्याय येतात, ते चालता चालताच निवडायचे. काहीच निवडलं नाही तर वेळ निघून जाते, आणि गप्प राहणं हेही उत्तर धरलं जातं. आमच्या वायरलेसवर नेमकं असंच होतं. साहेब विचारतात "पोझिशन?" आणि आपण धापा टाकत असतो, तर तेवढ्या शांततेवरून त्यांना कळतं की चढ लागलाय.

शेवट मला पटला नाही. पण स्किपचं बटण शोधावं असं एकदाही वाटलं नाही.

खुंट्याचा बैल

हाफ-लाइफचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून मी घेतो. १९९८ चा पहिला, २००४ चा दुसरा. दोन्हीत कॅमेरा जवळजवळ पूर्ण वेळ तुमच्याच डोळ्यांत. दुसऱ्यात स्टेशनावर उतरल्यावर एक शिपाई मुद्दाम डबा खाली पाडतो आणि उचलून कचऱ्यात टाकायला सांगतो. टाका, नाहीतर त्याच्याच अंगावर फेका आणि पळा. ते राज्य कसं आहे हे तेवढ्यात कळतं. दहा मिनिटांचं भाषण टळलं.

पण उगाच आरती नको. त्याच गेममध्ये शास्त्रज्ञांच्या खोलीत शिरलात की दार बंद, आणि त्यांचं बोलणं संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही. मी टेबलावर उड्या मारू शकतो, एवढंच स्वातंत्र्य. दावं लांब केलं म्हणून बैल सुटला नाही. उलट कटसीन असता तर स्किप तरी केला असता! म्हणून धागाकर्त्यांचं म्हणणं मला अर्धंच मान्य.

रिमोटवाली ताई

मी स्वतः खेळत नाही, मी बघते. धाकटा भाऊ खेळतो, मी शेजारी बसून गवारीच्या शेंगा मोडते. आमच्या घरात कटसीन स्किप केला तर चार्जर माझ्या हातात आहे, हे त्याला माहीत आहे.

द लास्ट ऑफ अस आम्ही दोघांनी मिळून "खेळला". (पुढे सुरुवात फोडतेय.) पहिल्याच भागात आपण नायकाच्या लहान मुलीला चालवतो. रात्री घरात एकटी, बाबा कुठे दिसत नाहीत, फोन वाजतो, टीव्हीवर काहीतरी भयंकर चाललंय. भाऊ दारं उघडत होता आणि मी ओरडत होते, "नको जाऊ!" थोड्याच वेळात जे होतं ते मात्र कटसीनमध्ये होतं, हातात काही नसतं. आणि तिथे हातात काही नसणंच बरोबर आहे. बटण दाबून ती वाचली असती तर पुढच्या गोष्टीला अर्थच उरला नसता. सगळ्याच कटसीनांना झोडपू नका, एवढंच माझं म्हणणं.

भाताची गिरणी

ताई, मान्य. पण उलटं उदाहरणही ऐका. मी गोंदियाकडच्या राइस मिलमध्ये पोत्यांच्या शिलाईवर आहे. व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच (२०१७) मध्ये मासळीच्या कारखान्यात काम करणाऱ्या पोराचा एक प्रसंग आहे. एका हाताने मासा ओढायचा, यंत्राखाली मुंडकं कापायचं, पट्ट्यावर टाकायचं. परत मासा. परत मुंडकं. दुसऱ्या हाताने त्याच वेळी त्याच्या कल्पनेतल्या राज्यात एका माणसाला चालवायचं. आधी ते राज्य पडद्याच्या कोपऱ्यात असतं. हळूहळू ते एवढं वाढतं की मासे दिसेनासे होतात, पण उजवा हात मात्र चालूच.

शिलाई मशीनवर आठ तास उभं राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. हात पोत्यावर, डोकं कुठल्या कुठे. हाच प्रसंग कोणी व्हिडिओ म्हणून दाखवला असता तर "बिचारा" म्हणून मी पुढे गेलो असतो. पूर्ण गेम दोन-तीन तासांत संपतो, हेही आमच्यासारख्यांना बरं.

आरमोरीचे गुरुजी

आजकालच्या पोरांना धीर नाही, असं कोणी म्हणायच्या आत लिहितो. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात, दहाला पडदा वर जातो आणि उजाडेपर्यंत चालतं. माझ्या वर्गातली हीच पोरं थंडीत चादर गुंडाळून पूर्ण रात्र बसतात. तीच गेममधला पाच मिनिटांचा कटसीन उडवतात. म्हणजे अडचण धीराची नाही. नाटकाला ते बघायलाच आलेले असतात, आणि नाटक त्यांना समजतं. गेममधलं इंग्रजी भरभर, खालची अक्षरं मुंगीएवढी, त्यातही मोबाइलवर. मराठीत तर जवळजवळ काहीच नाही. न कळणारं उडवलं तर त्यात त्यांचा दोष काय?

म्हणून मी त्यांना ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स (२०१३) लावून दिला. दोन भाऊ, आजारी बापासाठी औषध आणायला निघालेले. त्यांची भाषा बनावट आहे, जगात कुणालाच कळत नाही, त्यामुळे अमेरिकेतलं पोर आणि आरमोरीतलं पोर एकाच पायरीवर. कंट्रोलरच्या डाव्या काडीने मोठा भाऊ चालवायचा, उजव्या काडीने धाकटा. शेवट सांगत नाही. एवढंच सांगतो की गोष्टीतली सगळ्यात मोठी गोष्ट त्या दोन काड्यांतूनच कळते. वर्गातलं सगळ्यात दांडगं पोर उठून बाहेर गेलं.

लिम्बो आणि इनसाइडमध्ये तर कुणी बोलतच नाही. तेही चालतात.

फोकट सल्ला

गुरुजी, छान. मी गेमांतल्या कथेचा शत्रू आहे, तरी एल्डन रिंग खेळतो. तिथे बरीचशी कथा तलवारी-अंगठ्यांच्या माहितीत खाली चार ओळींत लिहिलेली असते. वाचायची तर वाचा. मी वाचत नाही, माझं काही अडलं नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, पैसे परत मिळतात ते खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तरच. कथावाल्या गेमात ते दोन तास ओळख-पाळखीतच जातात, खरा खेळ कसा आहे ते कळेपर्यंत मुदत संपते. तेव्हा आधी कुणाचा तरी खेळतानाचा बिनबडबडीचा व्हिडिओ मधूनच लावून बघा. दुसरं, सेटिंगमध्ये सबटायटल मोठे करा. द विचर ३ सारख्या गेमात संभाषण ओळी-ओळीने पुढे ढकलता येतं. वाचा, दाबा, वाचा, दाबा. निम्म्या वेळात सगळी कथा कळते.

आणि स्किप दाबूनही कटसीन लगेच जात नसेल तर कंट्रोलर आपटू नका. कधीकधी त्याच्या आड पुढचा भाग लोड होत असतो. अरुंद फटीतून अंग चोरत जायला लावतात ना, त्यामागेही अनेकदा हेच कारण असतं.

धागाकर्ता

@खुंट्याचा बैल, बंद खोलीचा मुद्दा खरा आहे, हाफ-लाइफमध्ये मीही त्या टेबलावर उड्या मारल्यात. @रिमोटवाली ताई, भावाला दुकानात पाठवू नका, इथे चार्जर माझ्या हातात असतो.

गॉड ऑफ वॉर (२०१८) कोणी लिहिला नाही म्हणून जोडतो. नावेत बसलं की सोबतचं मिमिर नावाचं बोलकं मुंडकं दंतकथा सांगायला लागतं. किनाऱ्याला लागलो की मधेच थांबतं, परत नावेत बसलो की जिथे सोडली तिथून पुढे. दुकानात एवढीच एक जागा आहे जिथे पोट्टे स्वतःहून वेग कमी करतात. नाव उगाच गोल फिरवत बसतात, मीटर चालू असताना!

पऱ्हाटीवाला

दादा, माह्या लॅपटॉपमधी चार जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाई. फायरवॉच चालन का?

फोकट सल्ला

अडखळेल. आधी पोर्टल (२००७) टाक, तो तुझ्या मशीनवर सहज चालेल. पूर्ण वेळ एक यंत्रबाई तुला कोड्यांवरून टोमणे मारते आणि तू कोडी सोडवत राहतोस, मधे पिक्चर नाही. मधेमधे आपोआप सेव्हही होतो. तरी लाइनीचा भरोसा नसेल तर दर कोड्याला हाताने सेव्ह मार.