देवरुखात बिल्डिंगा वाढतायत, मग माणसं कमी कशी होतायत?

वाडीवरचा: नमस्कार मंडळी. आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या जवळच. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६ लाख ९६ हजार माणसं होती, २०११ ला १६ लाख १५ हजार, म्हणजे जवळजवळ ८२ हजार कमी, आणि त्याच दहा वर्षांत महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला. वाडीत ते दिसतंच, गणपती-शिमगा सोडला तर निम्म्या घरांना कुलूप. पण देवरुखात गेलं की नवीन बिल्डिंग उभी राहतेय. हे फ्लॅट घेतंय कोण, कुठल्या पैशातून? धाकटा भाऊ तिथे मोबाईल रिपेअरिंगचं दुकान टाकायचं म्हणतोय म्हणून विचारतोय.

बाजारपेठ_देवरुख: घेणारे बरेचसे आजूबाजूच्या वाड्यांवरचेच आहेत भाऊ. मुंबईत नोकरी करून रिटायर झाले, गावी राहायचं तर आहे पण वाडीवर रात्री छातीत दुखलं तर रिक्षा मिळेपर्यंत माणसाचं काय होईल ही भीती असते, मग फंडाच्या पैशातून इथे वन बीएचके घेतात. दुसरे म्हणजे मुलांच्या शाळेसाठी येणारे, वाडीवरच्या शाळेचा पट एवढा कमी झालाय की चौथीत एकटाच मुलगा असतो, कुठल्या आईला बरं वाटेल. म्हणजे गाव भरत असेल तर ते वाड्या रिकाम्या होऊन.

सिस्टर_ताई: मी नर्स आहे, बदलीवर आले तेव्हा भाड्याची खोली मिळता मिळत नव्हती. फ्लॅटवाले म्हणतात मे महिन्यात आम्ही येणार, भाड्याने द्यायचा नाही. मी राहते त्याच्या शेजारी चांगलं चिरेबंदी घर आहे, पडवी, माजघर, मागे विहीर, सगळं. बारा महिने बंद. सातबारा सामाईक, आजोबांच्या नावानंतर वारस लागत लागत चोवीस नावं झालीयत, काही जण तर एकमेकांना ओळखतही नाहीत. कौलं फुटून पाणी आत जातंय, एक वासा वाळवीने खाल्लाय, पण खर्च कुणी करायचा यावर सगळं अडलंय. विकता येत नाही, भाड्याने देता येत नाही. माझं तर मत आहे की इथे घरांची टंचाई नाहीच, कागदांचा गुंता आहे, आणि त्यामुळे नोकरीसाठी येणारी तरुण माणसं टिकत नाहीत. वारस नोंदी करून आपसात वाटप करा हो, हात जोडून सांगते.

आकडेमोड: ताईंशी १०० टक्के सहमत. उत्पन्नाचं सांगतो. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न बघून फसू नका, त्यात जयगडचं बंदर, तिथला १२०० मेगावॅटचा वीज प्रकल्प, हापूसची उलाढाल सगळं येतं, ते देवरुखच्या घराघरात पोचत नाही. इथला पैसा म्हणजे पेन्शन, शिक्षक-सरकारी पगार, मुंबईहून मुलाने पाठवलेले, आणि थोडाफार काजू-आंबा. पूर्वी मनीऑर्डर यायची, आता मोबाईलवर येतात एवढाच फरक. २०११ ला जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, कमावते पुरुष बाहेर आहेत हे त्यातच दिसतं. आणि मोजणी झाली फेब्रुवारीत, तेव्हा चाकरमानी मुंबईत असतो, त्यामुळे गणपतीत दिसणारी गर्दी या आकड्यात नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आता २०२७ च्या मोजणीतून खरं काय ते कळेल. भावाला सांगा, सणाची गर्दी बघून गाळा घेऊ नको, पावसाळ्यात जुलैत बाजारात किती माणूस असतो ते बघ, तेच खरं गिऱ्हाईक.

वाडीवरचा: मनापासून धन्यवाद सगळ्यांना. भाऊ दिवाळीत गाळा बघणार होता, आता सांगतो की आधी जुलैत जाऊन ये. कॉलेजच्या बाजूला भाड्याने छोटा गाळा मिळेल का, आणि डिपॉझिट साधारण किती मागतात? आणि ताई, आमच्याही घराच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव आहे, तलाठ्याकडे वारस नोंदीला काय काय कागद लागतात ते सांगाल का?